आयव्हीला मेंदी

"तात्याराव यहीं रहते हैं क्या?"

पूर्वी स्टुलावर उभी होती. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात खिडकीवर आलेली आयव्हीची लांबलचक फांदी. तिने वळून खाली पाहिलं. हेल्मेट घातलेला एक तरुण उभा होता. स्टीलचा डबा त्याने छातीशी असा धरला होता, की आत तान्हं बाळ असावं.

"कौन तात्याराव?"

"चार सौ अठारह नंबर यही है ना?"

"नंबर यही है. सेक्टर कौन सा चाहिए?"

तो डबा काखेत मारून, हेल्मेट काढत स्वतःशीच पुटपुटला, "मावशी पण ना... सेक्टर सांगेल तर शपथ!"

पूर्वीला हसू फुटलं. "मावशींना सांगा, आर. के. पुरममध्ये क्वार्टरचे नंबर सगळ्या सेक्टरांत तेच ते असतात. तुमचे तात्याराव पलीकडच्या एखाद्या सेक्टरात वाट बघत असतील. डब्यात काय आहे?"

"मेतकूट आणि भाजणी," तो ओशाळून म्हणाला. "पुण्याहून कुणी दिल्लीला निघालं, की मावशीला लगेच कुणीतरी आठवतं... ज्याच्या घरातलं मेतकूट संपलंय."

डिसेंबरातला रविवार होता. अकरा वाजले तरी धुकं पुरतं उठलं नव्हतं. कडुनिंबाच्या झाडांखाली स्कूटर दवाने ओल्या झाल्या होत्या. आणि त्या तरुणाची नजर आता पूर्वीच्या मागच्या भिंतीवर गेली होती. जमिनीपासून पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत भिंत अशी दिसतच नव्हती, नुसती पानंच पानं.

"केवढा मोठा मनी प्लांट आहे!"

"मनी प्लांट?" पूर्वीने कात्री उगारली. "खाली उतरून मारीन हं. आयव्ही आहे ही."

"दिल्लीत? जूनमध्ये काय करते बिचारी?"

"भिंत उत्तरेची आहे. ऊन लागतच नाही. मे-जूनमध्ये आम्ही हिला रोज संध्याकाळी आंघोळ घालतो, पानांच्या खालूनसुद्धा. नाहीतर लाल कोळ्याची कीड धरते." ती स्टुलावरून उतरली. "माझ्या आईने रानीखेतहून आणली होती, ओल्या रुमालात गुंडाळून. बावीस वर्षं झाली. मी सहा वर्षांची होते. बसमध्ये तो रुमाल माझ्याच मांडीवर होता."

"आणि ही पानं अशी लालसर का? आजारी आहे?"

"नाही हो! थंडी पडली की शिरांच्या कडेने असा रंग चढतो. आई म्हणायची, आयव्हीला मेंदी लागली. सगळ्या जातींना नाही लागत. नर्सरीतली आयव्ही हिवाळाभर हिरवी ती हिरवीच. आमच्या हिला लागते. आणि हे बघा, पानाचं मधलं बोट किती लांब आहे."

त्याने पान पाहिलं. मग पान धरलेला हात पाहिला. मग घाईघाईने पुन्हा पान पाहिलं.

"मला... एक फांदी मिळेल? माझ्याकडे उत्तरेची बाल्कनी आहे, द्वारकेला. अगदी रिकामी."

पूर्वीने पेराच्या जरा खाली कात्री लावली आणि वीतभर फांदी कापून दिली. "खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदलायचं. तीनेक आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या येतील, मग वाळू मिसळलेल्या मातीत लावा. ऊन नको. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नको. आणि मेली असं वाटलं तरी लगेच टाकू नका. खोड नखाने थोडं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर जीव आहे."

"तुम्ही शिक्षिका आहात."

"पहिलीला शिकवते. कसं ओळखलंत?"

"आता तुम्ही विचारणार आहात, समजलं का?"

"समजलं का?" पूर्वीच्या तोंडून निघूनच गेलं, आणि दोघंही हसली. मेतकुटाचा डबा त्या दिवशी तात्यारावांकडे बराच उशिरा पोचला.

त्याचं नाव सुधन्वा. गुडगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तीन आठवड्यांनी तो पुन्हा फाटकाशी उभा राहिला. मान खाली, चेहरा सुतकी.

"मेली."

"अहो, अशी कशी मेली? पाणी जास्त घातलंत?"

"प्रेमाने घातलं."

"प्रेमाने मुळं कुजतात," पूर्वी म्हणाली आणि दुसरी फांदी कापली. दुसरीही मेली. मग तिसरी. पूर्वीचे बाबा, विश्वनाथराव, समोरच्या गवतावर खुर्ची टाकून उन्हात पेपर वाचत बसलेले असत. तिसऱ्या वेळी त्यांनी पेपराआडूनच विचारलं, "काय हो, वेल मरते आहे की मारली जाते आहे?" सुधन्वाचे कान लाल झाले. पूर्वीने चहात आलं जास्त किसलं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

चौथी फांदी नेल्यावर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पूर्वी न सांगता द्वारकेला गेली. मेट्रोतून उतरली तेव्हा हिवाळी पाऊस भुरभुरत होता. सातव्या मजल्यावर सुधन्वाने दार उघडलं आणि तो दारातच आडवा उभा राहिला.

"घर... जरा पसरलंय."

"सरक."

बाल्कनीत कठड्याच्या आडोशाला ओळीने चार कुंड्या होत्या. चारही वेली जिवंत होत्या, टवटवीत, मधलं बोट लांब केलेल्या. सर्वांत थोरलीच्या पानांना मेंदीसुद्धा लागली होती.

"या मेल्या होत्या ना?"

"हो..." सुधन्वा भिंतीकडे बघत म्हणाला. "पुनर्जन्म."

"खोटारडा!"

"मग काय करणार होतो? पहिलीच जगली म्हणालो असतो, तर दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने आलो असतो? फांदी मागायला नव्हतोच येत मी, पूर्वी."

पावसाचे बारीक थेंब कठड्यावरून आत येत होते. पूर्वीला राग यायला हवा होता. आला नाही. आलं ते हसू. हसता हसता तिने त्याच्या स्वेटरच्या बाहीला ओले हात पुसले. त्याने ते हात धरले.

मग मात्र ती एकदम गंभीर झाली.

"एक सांगू? हे एकदा माफ. पण पुन्हा नको. सहा वर्षांपूर्वी मी पुण्याला बी.एड. करत होते. शेवटची परीक्षा चालू होती. रोज फोनवर विचारायचे, आई कशी आहे? बाबा म्हणायचे, ठीक आहे, तू अभ्यास कर. आईसुद्धा म्हणायची, थोडा ताप आहे गं. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी बाबांनी खरं सांगितलं. मी पोचले तेव्हा आई कुणालाच ओळखत नव्हती." ती थांबली. "आपल्याकडे असंच करतात ना... परीक्षा आहे, सांगू नका. त्या आठ दिवसांत मी काय केलं माहितीये? पेपर लिहिले. छान मार्क पडले."

सुधन्वाने तिचे हात घट्ट धरले.

"मला बरं वाटावं म्हणून मला कुणी खोटं सांगू नये. बाकी काही नको मला."

"शप्पथ."

"शप्पथ नको रे. नुसतं सांगत जा."

एप्रिलअखेर विश्वनाथराव निवृत्त झाले. सरकारी घर ते. आज ना उद्या सोडायचंच होतं. पुण्यात त्यांनी आधीच एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. जुलैअखेरीस निघायचं ठरलं. पूर्वीने दिल्लीतच राहायचं ठरवलं. शाळा होती... आणि सुधन्वा होता. शाळेजवळ भाड्याची एक खोली बघितली. खिडकी पश्चिमेची, दुपारभर भाजणारी. तिथे आयव्ही चार दिवसही टिकली नसती.

"मग काय झालं?" सुधन्वा म्हणाला. "माझ्याकडे चार आहेत ना. तुझ्याच त्या. हिवाळ्यात बाबा आले की बोलणी करू. मग कुंड्या हलवायचा प्रश्नच नाही, मालकीणच हलेल."

"उन्हाळ्यात दुपारी आत घ्यायच्या."

"घेईन."

"एसीच्या वाऱ्यात नाही."

"नाही, बाई! समजलं."

जूनमध्ये पूर्वी तीन आठवडे बाबांबरोबर पुण्याला गेली, फ्लॅट लावायला. भिंतीवरच्या वेलीला शेजारचे पाणी घालत होते. दिल्लीचं ऊन तेव्हा असं होतं, की दुपारी दाराची कडी हाताला चटका देई. रोज फोनवर ती विचारी, "माझ्या पोरी कशा आहेत?" सुधन्वा म्हणे, "मजेत." परत आल्यावर ती थेट बाल्कनीत गेली. चार कुंड्या, चार वेली, तजेलदार हिरव्या, जूनमध्ये!

"अरे वा! शिकलास की!" ती म्हणाली.

सुधन्वा हसला. जरा थकलेलं हसू होतं ते. ऑफिसचं काम वाढलं असेल, पूर्वीला वाटलं.

जुलैचा शेवटचा दिवस. ट्रक भरून झाला होता. रिकाम्या घरात आवाज घुमत होते. विश्वनाथराव जुनी कात्री घेऊन भिंतीजवळ उभे होते.

"पूर्वे, अजून एक-दोन फांद्या घेऊया का गं? बरोबर पुण्याला नेतो. प्रवासात टिकली तर टिकली."

पूर्वीच्या हातात किल्ल्या होत्या. डोक्यात शंभर कामं होती. बाबांचे डोळे भरून आलेले तिला दिसले, आणि ते तिथे जास्त वेळ उभे राहू नयेत असं तिला वाटलं.

"कशाला, बाबा? ट्रेनमध्ये करपून जाईल. सुधन्वाकडे चार आहेत ना, चांगल्या जोमात. थंडीत ताजी फांदी काढून मी स्वतः घेऊन येईन."

"हो... तेही खरंच."

त्यांनी कात्री खिशात ठेवली. जाताना भिंतीवर एकदा हात फिरवला. पूर्वीच्या आईच्या, प्रभाताईंच्या कपाळावरून जो हात ते फिरवत असत, तोच हात, तसाच.

जानेवारी उजाडला. पारा चार अंशांवर उतरला. संक्रांतीला विश्वनाथराव येणार होते. सुधन्वाचे आईवडीलही येणार होते. बोलणी व्हायची होती. त्याआधीच्या रविवारी पूर्वी द्वारकेला आली. बाबांसाठी फांदी कापून पाण्यात ठेवायची होती. सुधन्वा आत चहा करत होता.

ती कुंड्यांपुढे उकिडवी बसली. मेंदी कुठे दिसेना. थोरलीवर नाही, धाकटीवर नाही. एवढी थंडी पडूनही एकही शीर लाल नाही. तिने एक पान उलटलं. मग दुसरं. मग हातमोजा काढून पानाच्या मधल्या बोटावरून स्वतःचं बोट फिरवलं.

आखूड होतं ते. चारही कुंड्यांत आखूड.

"सुधन्वा."

तो दोन कप घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. तिचा चेहरा पाहून त्याने कप हळूच खाली ठेवले.

"या कुठल्या आहेत?"

"कुठल्या म्हणजे? तुझ्याच—"

"सुधन्वा."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. सुधन्वा दाराच्या चौकटीला टेकला.

"नर्सरीतल्या आहेत," तो म्हणाला. "जूनमध्ये... तू पुण्याला होतीस. एसी दुरुस्त करायला माणूस आला, म्हणून कुंड्या बाहेर काढल्या. तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला, त्याच दुपारी बंगलोरला निघावं लागलं. तीन दिवसांनी आलो. पानांचा चुरा होत होता गं हातात. मी खोडं खरवडून पाहिली. चारही. तू सांगितलं होतंस तसं."

"हिरवं?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होतो? तू फोनवर म्हणायचीस, माझ्या पोरी कशा आहेत... तू रडली असतीस, पूर्वी."

"हो. रडले असते." तिचा आवाज शांत होता. पहिलीच्या मुलांना समजावताना असे तसा. "रात्रभर रडले असते. तुझ्यावर ओरडलेसुद्धा असते. आणि सकाळी डोळे पुसून कात्री घेतली असती. जून होता तो, सुधन्वा. भिंत होती. बावीस वर्षांची वेल भिंतीवर होती. चारच्या जागी चाळीस फांद्या कापल्या असत्या मी."

सुधन्वाने तोंडावरून हात फिरवला. "तेव्हा... हे सुचलंच नाही मला. मला फक्त वाटलं, तू परत येशील तेव्हा बाल्कनी रिकामी दिसू नये."

"बाबा कात्री घेऊन उभे होते शेवटच्या दिवशी. मी म्हटलं, कशाला? सुधन्वाकडे आहेत."

"एक वेल, पूर्वी... एका वेलीसाठी—"

"वेलीसाठी नाही." ती उठली. "माझ्या वर्गातली मुलं काच फुटली तर धावत येऊन सांगतात. त्यांना माहीत असतं, मी आधी केरसुणी आणते, मग रागावते. तुलाही माहीत होतं. इथेच, याच जागी सांगितलं होतं मी तुला. एवढी एकच गोष्ट मागितली होती."

"चुकलो. खरंच चुकलो. पुन्हा कधीच—"

"तू चांगला आहेस रे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज ओला झाला. "म्हणूनच तर. उद्या तू मला म्हणशील, सगळं ठीक आहे. आणि मी रोज नखाने खरवडून बघत बसेन. नाही जमायचं मला ते."

चहावर साय धरली होती. सुधन्वाने तिला अडवलं नाही. लिफ्टपर्यंत तो मागे आला. लिफ्टचं दार मिटताना तो काहीतरी बोलला, ते तिला ऐकू आलं नाही... किंवा तिने ऐकलं नाही.

मेट्रो बदलून ती आर. के. पुरमला उतरली. मनात एक वेडी आशा होती. जुलैनंतर ती तिकडे फिरकलीच नव्हती. भिंत अजून तिथेच असेल, वेल असेल, सरकारी घरांत कोण एवढ्या लवकर हात लावतं?

चारशे अठराच्या भिंतीलगत, वेलीने कायम झाकलेला सांडपाण्याचा पाइप आता पांढरा स्वच्छ चमकत होता. भिंतीला नवा फिकट पिवळा रंग होता. पायथ्याशी, जिथे वेलीचं मनगटाएवढं खोड होतं, तिथे सिमेंटचा कट्टा घातला होता. कट्ट्यावर तुळशीची कुंडी होती.

दार उघडून एक बाई बाहेर आल्या. "येस, बेटा?"

पूर्वीने सांगितलं, आम्ही आधी इथे राहायचो. बाईंचं नाव विजयालक्ष्मी होतं, चेन्नईहून बदलून आल्या होत्या. त्यांनी प्रेमाने तिला आत बोलावलं. कॉफी घे म्हणाल्या.

"इधर एक बेल थी, आंटी..."

"हाँ हाँ, बहुत बड़ी! अगस्त में हटवा दी. सब बोले, साँप आएगा." मग तिचा चेहरा पाहून त्या गडबडल्या. "तुमको चाहिए थी क्या? मालूम होता तो रख देती, बेटा. किसी ने बोला ही नहीं."

"नहीं आंटी. आपको कैसे मालूम होता."

त्या कॉफी आणायला आत गेल्या. पूर्वी पाइपाच्या मागे वाकली. तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. जुन्या चुन्यावर आयव्हीच्या बारीक मुळ्यांच्या खुणा होत्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या, तपकिरी. आणि त्या खुणांना धरून बोटभर लांबीची एक काडी अजून चिकटून होती.

तिने हातमोजा काढला. नख लावलं. हळूच खरवडलं.

तपकिरी. आत आणखी तपकिरी. मग भुसा.

फोन वाजला. बाबा होते.

"काय गं, तिळगूळ किती आणू? त्यांच्याकडे किती माणसं आहेत? आणि ऐक ना, एवढी थंडी आहे म्हणतात तिकडे. प्रभाच्या वेलीला मेंदी लागली का गं?"

"हो" हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. किती हलका होता तो! नुसते ओठ उघडायचे होते. पलीकडे बाबा खूश झाले असते, रात्री शांत झोपले असते. सुधन्वाला रोज फोनवर काय झालं असेल, ते त्या क्षणी तिला पुरतं कळलं. कळलं, आणि त्यामुळे आणखीच दुखलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "वेल गेली. जूनमध्येच गेली. मला आज कळलं. मी आपल्या भिंतीपाशीच उभी आहे. इथेही काही राहिलं नाही. मी तुम्हाला फांदी घेऊ दिली नाही, बाबा... आणि बोलणी करायला नका येऊ. नुसते या."

पलीकडे कुणाकडे तरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"बरं केलंस सांगितलंस," विश्वनाथराव शेवटी म्हणाले. "तेव्हा मीही तुला असंच सांगायला हवं होतं गं."

सहा वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले होते. पूर्वी भिंतीला पाठ टेकून खाली बसली. अंगणात तुळशीशेजारी बसून, कॉफी येईपर्यंत, दोघं फोनच्या दोन टोकांना रडली.

संध्याकाळी परतताना तिने मेट्रोत फोन उघडला. सुधन्वाचे अकरा मेसेज होते. तिने ते वाचले नाहीत. पण त्याच्या बाल्कनीतल्या चार हिरव्या वेली तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. आखूड बोटांच्या, परक्या. त्यांचा काही दोष नव्हता. आज पान उलटताना तिचं बोट मातीला लागलं होतं, आणि माती चिकट, गार लागली होती.

तिने लिहिलं, "कुंड्यांना पाणी जास्त होतंय. थंडीत माती बोटाला कोरडी लागेपर्यंत घालू नकोस. मुळं कुजतील."

मेसेज गेला. मग तिने त्याचा नंबर काढून टाकला, फोन पर्समध्ये ठेवला, आणि नखात अडकलेला तपकिरी भुसा स्टेशन येईपर्यंत तसाच राहू दिला.